एकदम हजार रुपये कुठून काढायचे? बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबाच्या गॅसचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातले हे कुटुंब. घरात सहा माणसे: नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि तीन मुले. जमीन दीड एकर, तीही पावसाच्या भरवशावर. दिवाळी झाली की नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. तेवढे महिने मुले आजीजवळ गावात असतात. उरलेल्या काळात शेतमजुरी, काम निघाले तर रोजगार हमी. या घरात उज्ज्वला योजनेतून २०१७ साली मिळालेली गॅसजोडणी आहे. शेगडी व्यवस्थित चालते, नळी बदललेली आहे, पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे. तरीही जोडणी मिळाल्यापासून बहुतेक काळ या घरचा स्वयंपाक चुलीवरच होत आला.

कुटुंबाचे आणि गावाचे नाव इथे देत नाही. त्या गावातील महिला बचत गटाचे हिशेब मी पाहते. गटाच्या वह्या, गॅसच्या पुस्तिकेतील नोंदी, घरच्या सूनबाईंचे बँक पासबुक आणि घरच्यांशी वेळोवेळी झालेले बोलणे यांवरून हे प्रकरण मांडत आहे. या सूनबाईंना गटात सगळ्या आक्का म्हणतात, म्हणून इथेही आक्काच.

गॅस दारात असताना तो वापरला का जात नाही, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे नेहमी मिळतात. एक, गॅस महाग आहे. दोन, या लोकांना चुलीचीच सवय आहे. पहिले खरे आहे, पण अपुरे. दुसरे या घरापुरते तरी खोटे ठरले, आणि ते कसे ठरले हे पुस्तिकेतच लिहिलेले आहे.

पुस्तिका काय सांगते

२०१८-१९ या आर्थिक वर्षात घराने दोन टाक्या घेतल्या. २०१९-२० मध्ये तीन. २०२०-२१ मध्ये एकदम सहा. पुढच्या वर्षी पुन्हा दोन. २०२२-२३ मध्ये तीन, २०२३-२४ मध्ये पाच, २०२४-२५ मध्ये सात.

सहा माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर १४.२ किलोची टाकी महिना-सव्वा महिना पुरते. म्हणजे वर्षाला दहा तरी लागतील. नवरा-बायको हंगामाला गेल्यावर घरात चार माणसे उरतात, तो फरक धरला तरी आठ-नऊ. दोन टाक्यांत वर्ष काढणे म्हणजे गॅस फक्त चहाला, आजारी माणसाच्या पेजेला आणि पाहुणा आला तर.

हे घर जगावेगळे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी उज्ज्वला योजनेवर २०१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात डिसेंबर २०१८ पर्यंतच्या लाभार्थ्यांची वर्षाची सरासरी ३.२१ टाक्या निघाली होती. सरकारच्याच आकड्यांनुसार २०१९-२० मध्ये ही सरासरी तीनच्या आसपास होती आणि २०२४-२५ मध्ये साडेचारच्या जवळ पोचली. २०२१-२२ या एका वर्षात देशातल्या ९२ लाख उज्ज्वला लाभार्थ्यांनी एकही टाकी भरून घेतली नाही, असे राज्यसभेतील उत्तरात सांगितले गेले. जोडण्या मात्र झपाट्याने वाढत होत्या. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला सुरू झालेल्या या योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दिली गेली. त्या वेळी आक्कांच्या घरातली टाकी रिकामी होती.

सुरुवातच उधारीने

पहिल्या टप्प्यातील उज्ज्वलात जोडणीमागे सरकार १,६०० रुपये देत असे. त्यात टाकीची आणि रेग्युलेटरची अनामत, नळी, पुस्तिका आणि जोडून देण्याचा खर्च बसत होता. शेगडी आणि पहिली भरलेली टाकी ज्यांना रोखीने परवडत नव्हती त्यांना ती तेल कंपनीकडून कर्जाऊ मिळे आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या सबसिडीतून वळते होई. आक्कांनी दोन्ही कर्जाऊ घेतल्या. पुढच्या टाकीला त्यांनी पूर्ण बाजारभाव मोजला आणि बँकेत जाऊन पाहिले तर सबसिडी जमा नाही. ती कर्जात गेली होती. त्यांना हे कुणी नीट सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर त्या गर्दीत ते कानावरून गेले. एप्रिल २०१८ पासून पुढच्या सहा टाक्यांपुरती ही वसुली थांबवण्याची सवलत आली. पण तोपर्यंत गावातल्या बायकांचे मत बनून गेले होते: सबसिडी हे नुसते नाव आहे, खिशातून जातील तेवढेच आपले.

त्यात रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला आणि रॉकेल बंद झाले. रॉकेल लिटर-अर्धा लिटर घेता येत होते, स्टोव्हवर भागत होते. ती मधली पायरीच गेली. एका टोकाला फुकटची पण धुराची चूल आणि दुसऱ्या टोकाला एकदम भरायची टाकी, एवढेच दोन पर्याय उरले.

२०२० चा उन्हाळा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आक्का आणि त्यांचे यजमान फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, होते. एप्रिलमध्ये सरकारने ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा ते आले. काम बंद, बाजार बंद, पण त्याच काळात केंद्र सरकारने उज्ज्वला लाभार्थ्यांना तीन टाक्या मोफत दिल्या. या मोफत टाक्यांची पद्धत फार महत्त्वाची होती. टाकीची पूर्ण किंमत आधी खात्यात जमा होत होती आणि त्या पैशातून टाकी घ्यायची होती. ती घेतली की पुढचे पैसे.

त्या उन्हाळ्यात या घरची चूल जवळजवळ थंड होती. भाकरीसुद्धा गॅसवर झाली. ज्यांना चुलीची सवय सुटत नाही असे आपण म्हणतो, त्याच बाईने सलग काही महिने गॅसवर स्वयंपाक केला, कारण टाकी संपली की दुसरी आणायला हातात पैसे होते. सवय आड आली नाही. चुलीवरच्या भाकरीची चव न्यारी असते हे आजीही मान्य करतात, पण त्या पुढे जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवले आहे: “चव हाय ना बाई, पर डोळं जात्यात त्याचं काय?”

भाकरीबद्दल एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण शहरात बसून धोरण आखणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही. ज्वारी-बाजरीच्या घरात दोन वेळच्या मिळून पंधरा-वीस भाकरी होतात. प्रत्येक भाकरी तव्यावर आणि मग आचेवर शेकायची. शिजवण्यापेक्षा हे शेकण्याचे कामच गॅस जास्त खाते. डाळ-भात कुकरमध्ये लावणाऱ्या घराची टाकी जेवढी पुरते, तेवढी भाकरी खाणाऱ्या घराची पुरत नाही. म्हणून पैसे कमी पडले की बायका सगळ्यात आधी भाकरी चुलीवर नेतात आणि मग हळूहळू बाकीचेही तिकडेच जाते.

दर कसा चढला

याच मे २०२० मध्ये दुसरी घडामोड झाली आणि ती कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. आंतरराष्ट्रीय बाजारात गॅस पडला होता, मुंबईत टाकीचा दर ५७९ रुपयांवर आला होता. बाजारभाव आणि सबसिडी धरून पडणारा सवलतीचा दर जवळजवळ एक झाले, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सबसिडी शून्यावर आली. पुढे दर चढू लागला, पण सबसिडी परत आली नाही.

आपल्याकडचा गॅस साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो आणि त्याची किंमत सौदी अरेबियाची तेल कंपनी अरामको दर महिन्याला जाहीर करते त्या दरावर ठरते. त्यात वाहतूक, विमा, डॉलरचा भाव, टाकी भरण्याचा खर्च, वितरकाचे कमिशन आणि पाच टक्के जीएसटी. २०२१ मध्ये जगभर इंधन महागले, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, रुपया घसरला. जुलै २०२२ मध्ये मुंबईत टाकी १,०५२.५० रुपयांना झाली, १ मार्च २०२३ पासून १,१०२.५० रुपयांना. बीडसारख्या जिल्ह्यात वाहतुकीचे थोडे पैसे आणखी वर.

हा दर मजुरीत मोजला की त्याचे वजन कळते. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे मे २०२० ची टाकी अडीच दिवसांच्या आत सुटत होती. २०२२-२३ मध्ये मजुरी २५६ झाली आणि टाकीला चार दिवसांहून अधिक मजुरी लागू लागली. मजुरी दोन वर्षांत अठरा रुपयांनी वाढली, टाकी पावणेपाचशेने.

तेल कंपन्यांनाही या काळात तोटा झाला, कारण आंतरराष्ट्रीय दर वाढले तेवढे त्यांनी ग्राहकावर टाकले नव्हते. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने तीन सरकारी कंपन्यांना त्यापोटी २२,००० कोटी रुपये एकरकमी दिले. उज्ज्वला कुटुंबांना मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये मिळू लागले. सबसिडी बंद झाल्यापासूनच्या दोन वर्षांत ज्या बायका चुलीकडे परतल्या, त्यांना त्या काळाचे काही मिळाले नाही. कंपनीचा तोटा मागे जाऊन भरून देता येतो. फुंकणीने घालवलेली दोन वर्षे मागे जाऊन कशी भरून देणार?

टाकी कोणत्या महिन्यात संपते

आता या प्रकरणाच्या मुळाशी येते. २०२१ च्या श्रावणात आक्कांची टाकी संपली. गटाच्या बैठकीत मी त्यांना विचारले, पुढची का नाही सांगितली? त्यांचे उत्तर असे होते: “गॅस महाग हाय आसं मी म्हणत नाही ताई. म्हैन्याला आठशे-नऊशे तर किराण्यालाबी जात्यात. पर किराणा आपुन शंभर-शंभरचा आणतो. हे एकदम हजार रुपय कुठून काढायचं, ते सांगा.”

मी त्यानंतर या घरचा वर्षाचा पैसा महिन्यावारी मांडून पाहिला. ऊसतोडीचा पैसा मजुरीच्या रूपात येतच नाही. हंगामाआधी मुकादम (मजुरांची टोळी नेणारा कंत्राटदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती एकरकमी मोठी असते, पण ती येते तेव्हा तिच्या वाटा ठरलेल्या असतात: मागचे देणे, दवाखान्याची उधारी, बियाण्याचे पैसे, घराची गळती. फडावर जे काम होते ते उचलीत वळते होते. हातात येते ती आठवड्याची खर्ची आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले थोडे सुटे पैसे. गावात आजीकडे जे पाठवले जाते तेही असेच थोडे थोडे. मार्चमध्ये परतल्यावर हिशेब होतो आणि बऱ्याचदा ‘फिटले नाही’ असाच होतो. मग जूनपासून खुरपणी, निंदणीची मजुरी, तीही पाऊस पडेल तशी.

म्हणजे या घरात एकरकमी हजार रुपये फक्त एकदा येतात आणि टाकी काही त्या मुहूर्ताला संपत नाही. ती बहुतेकदा पावसाळ्यात संपते, कारण बाहेरचे सरपण ओले झालेले असते आणि त्या दिवसांत गॅस जास्त वापरावा लागतो. नेमकी तेव्हाच घरात रोकड सर्वांत कमी असते. त्यातून गावात टाकीची गाडी ठरलेल्या वारी येते. त्या दिवशी पूर्ण पैसे हातात नसतील तर गाडी पुढच्या आठवड्याला. सबसिडी नंतर खात्यात येणार, पण गाडीवाल्याला ती दाखवून चालत नाही. त्याला पूर्ण रक्कम लागते.

एक हजाराच्या दरातले दोनशे परत मिळाले तर आपण म्हणतो टाकी आठशेला पडली. वर्षाच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण गाडी दारात उभी असताना आक्कांना ती हजारालाच पडते आणि त्या क्षणी हजार नसतील तर दोनशेही नाहीत, कारण टाकीच नाही.

त्या श्रावणात त्यांनी तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळल्या. त्या ओल्या होत्या, धूर जास्त. मोठी मुलगी तेव्हा आठवीत होती, ती सकाळी वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून आणायची. आजींचा खोकला वाढला, तालुक्याच्या गावी दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि चुलीजवळ बसू नका असे सांगितले. एका खेपेचा गाडीभाडे, तपासणी आणि औषधांचा खर्च टाकीच्या किमतीपेक्षा जास्त झाला. तो खर्च करायला सावकारी दराने उसने मिळाले. दवाखान्यासाठी कुणीही पैसे देतो, गॅससाठी कुणी देत नाही. हे मला अजून बोचते.

दोनशे रुपये गेले कुठे

मे २०२२ मध्ये टाकीमागे २०० रुपयांची सबसिडी जाहीर झाली, वर्षाला बारा टाक्यांपर्यंत. आक्कांनी त्यानंतर घेतलेल्या पहिल्या दोन टाक्यांचे पैसे पासबुकात दिसेनात. त्यांचा जुना समज पक्का झाला: नुसते नाव आहे. गावात बँकेची कामे करणाऱ्या बँक मित्राकडे अंगठा लावून पाहिल्यावर उलगडा झाला. सबसिडी आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मध्यंतरी एका शिबिरात त्यांचे दुसऱ्या बँकेत खाते उघडले गेले होते, आधारही तिकडे जोडला गेला होता आणि त्या खात्याचे पुस्तक कुठल्या तरी ट्रंकेत होते. पैसे तिथे सुखरूप होते. आधार पुन्हा नेहमीच्या खात्याला जोडल्यावर ते दिसू लागले.

हे सगळ्यांनाच करून पाहण्यासारखे आहे. ‘सबसिडी येत नाही’ असे म्हणणाऱ्या आमच्या गटातल्या आणखी काही जणींचेही पैसे असेच भलत्या खात्यात सापडले. एजन्सीत आधार आणि मोबाइल नोंदलेला आहे का, ई-केवायसी झाली आहे का आणि आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे, या तीन गोष्टी तपासल्या की बहुतेक गाठी सुटतात.

गटाची गॅस भिशी

जून २०२३ मध्ये, दर सर्वांत चढा असताना, गटात ठराव झाला. गटात बारा बायका, त्यातल्या नऊ जणींकडे उज्ज्वलाची जोडणी. गटाच्या बचतीतले पाच हजार रुपये बाजूला काढले आणि त्याला गॅस भिशी असे नाव पडले. नियम साधा ठेवला. गाडी येण्याच्या आदल्या दिवशी जिची टाकी रिकामी आहे तिने खजिनदाराला सांगायचे. खजिनदार पूर्ण पैसे देणार. घेणारीने ते चार आठवड्यांत, आठवड्याला अडीचशे-पावणेतीनशे करून फेडायचे. महिन्याच्या आत फेडले तर व्याज नाही, पुढे शेकड्याला दोन रुपये. सबसिडी आली की ती जिची तिला.

पैसे तेवढेच, फक्त त्यांचे तुकडे केले. पण आक्कांच्या पुस्तिकेत त्या वर्षी पाच नोंदी झाल्या. आठवड्याला अडीचशे रुपये खुरपणीच्या मजुरीतून काढणे त्यांना जमले. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी केंद्राने सर्वांसाठी टाकी दोनशे रुपयांनी स्वस्त केली, ऑक्टोबरमध्ये उज्ज्वलाची सबसिडी ३०० झाली, मार्च २०२४ मध्ये आणखी शंभर रुपये उतरले आणि मुंबईचा दर ८०२.५० वर आला. त्याचाही या पाच नोंदींत वाटा आहे, सगळे श्रेय भिशीला देणे बरोबर होणार नाही. मात्र या पाचपैकी पहिल्या दोन टाक्या दर उतरायच्या आधीच्या आहेत, आणि ऐन पावसाळ्यातल्या आहेत. पूर्वी त्या महिन्यांत एकही नोंद नसे.

दिवाळीनंतर भिशी अडकली. नऊपैकी पाच घरे तोडीला गेली. दोघींचे हप्ते बाकी होते, ते मार्चपर्यंत आले नाहीत. मागे राहिलेल्या बायकांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती, कारण पैसे त्यांच्याही बचतीचे होते. त्याहून अवघड प्रश्न आजींचा निघाला. हिवाळाभर घर चालवणार आजी, टाकी लागणार आजींना, पण गटाच्या सभासद आक्का. त्या फडावर असताना आजींना उचल द्यायची की नाही? काही जणींचे म्हणणे पडले की म्हातारीला दिलेले पैसे कुणाकडे मागायचे? या वादात दोन महिने गेले आणि ते दोन महिने आजी पुन्हा चुलीपुढे बसल्या. डॉक्टरांनी बसू नका सांगितलेली बाई आमच्या नियमामुळे तिथे बसली, याची खंत गटातल्या प्रत्येकीला आहे. पुढच्या वर्षी नियम बदलला: तोडीला जाणारी गाडी हलायच्या आधी मागचे देणे चुकते करायचे आणि घरी राहणाऱ्या एका माणसाचे नाव वहीत लिहून द्यायचे, त्याला सभासदासारखीच उचल मिळेल.

तीन मोफत टाक्या

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय काढला. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेतील पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत. राज्यातली उज्ज्वलाची ५२ लाखांहून अधिक कुटुंबे यात येतात. जोडणी बाईच्या नावावर हवी, महिन्याला एकाच टाकीचा लाभ. उज्ज्वलाच्या टाकीला केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० असा हिशेब.

ही मदत मोठी आहे, तिचे मोल कमी लेखू नये. आक्कांच्या २०२४-२५ मधल्या सातपैकी तीन टाक्या याच योजनेतल्या. पण पद्धत तीच राहिली: आधी पूर्ण पैसे भरायचे, मग खात्यात परत येणार. यादीत ‘मोफत’ लिहिलेली टाकी आणायलाही गाडीवाल्याला तेव्हा आठशे रुपये द्यावे लागत. भिशी नसती तर आक्कांनी या तीन टाक्या वेळेवर उचलल्या असत्या का? त्यांना विचारले तर त्या नाही म्हणतात. पैसे परत जमा होईपर्यंत भिशीचे देणे अंगावर असते, म्हणून दुसरी मोफत टाकी त्यांनी पहिलीचे पैसे येईपर्यंत सांगितलीच नाही. त्या दरम्यान काही दिवस पुन्हा चूल. लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार सुरू झाल्यावर मात्र ओढाताण कमी झाली. ते पैसे सुटे आहेत, महिन्याला येतात आणि बाईच्या खात्यात येतात. गॅसच्या दृष्टीने माझ्या मते तीन मोफत टाक्यांइतकेच ते उपयोगी पडले.

पैसे आधी द्यावेत, नंतर नको, ही मागणी अवास्तव नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नेमके तेच केले होते. याच्या उलट बाजूने एक जुना आणि खरा आक्षेप आहे. २०१४-१५ मध्ये सबसिडी थेट खात्यात देण्याची पद्धत देशभर आली, त्याआधी टाकी दारातच सवलतीच्या दरात मिळे आणि अशा टाक्या हॉटेलांकडे वळत. ती गळती पुन्हा सुरू व्हावी असे कुणालाच वाटणार नाही. पण २०२० मध्ये दारातला दर कमी केलाच नव्हता, बाईच्या खात्यात पैसे आगाऊ ठेवले होते आणि पुढचे पैसे टाकी घेतल्याची नोंद झाल्यावरच येत होते. आता तर टाकी देताना मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागतो, ई-केवायसी झालेली असते. एका टाकीचे पैसे आगाऊ खात्यात राहिले तर या घरासारख्या घरांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल, आणि टाकीमागच्या मदतीत सरकारला रुपयाही वाढवावा लागणार नाही.

फडावरची चूल

एक भाग अजून तसाच आहे. नवरा-बायको वर्षातले पाच महिने ज्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहतात तिथे गॅस नाही. पहाटे उठून आक्का उघड्यावर तीन दगडांवर भाकरी करतात, मग फडात जातात. जळणाला बांधावरची लाकडे, कधी पाचट (उसाची वाळलेली पाने). पाचटाचा धूर फार असतो आणि वाऱ्याने ठिणगी उडाली तर कोपीच पेटते, म्हणून त्या शक्यतो टाळतात.

स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणेवर जोडणी मिळण्याची सोय उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून झाली. पण घरात एक जोडणी असेल तर दुसरी मिळत नाही आणि आक्कांची जोडणी गावात आजींजवळ आहे, ती तिथेच राहिली पाहिजे. पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर विकत मिळते, मात्र तिला सबसिडी नाही आणि किलोला दर घरगुती टाकीपेक्षा बराच जास्त पडतो. गरीब माणूस थोडे थोडे घेतो म्हणून त्याला ते महाग, हा किराण्याचा नियम इथेही लागू आहे. उज्ज्वलात मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची घेता येते, पण ती त्याच जोडणीवर, त्याच एजन्सीतून. सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर तिचा उपयोग नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यातून काही घरांनी छोटी टाकी सोबत नेली. आक्कांनी नेली नाही. उचल फिटायची होती.

२०२५ च्या एप्रिलमध्ये टाकी पुन्हा पन्नास रुपयांनी वाढली, उज्ज्वलाचीही. ऑगस्टमध्ये केंद्राने ३०० रुपयांची सबसिडी त्या वर्षापुरती चालू ठेवली, मात्र बाराऐवजी नऊ टाक्यांपर्यंत. आक्का सातच्या वर गेलेल्या नसल्यामुळे त्यांना याची झळ बसली नाही. गटाने भिशीची रक्कम पाच हजारांवरून आठ हजार केली आहे. फडावर जाणाऱ्या बायकांसाठी दोन छोट्या टाक्या गटाच्या मालकीच्या घ्याव्यात आणि हंगामापुरत्या वापरायला द्याव्यात असा विषय बैठकीत निघाला. टाक्या भरायच्या कुठे आणि पाच महिने त्यांची जबाबदारी कुणाची, यावर अजून एकमत झालेले नाही.